‘इलियड’मधला हेक्टर : घरच्यांचे न ऐकणारा कुटुंबवत्सल

उत्तररात्र (धागाकर्ता)

होमरच्या ‘इलियड’ या ट्रोजन युद्धावरच्या ग्रीक महाकाव्यावर बोलणे निघाले की ग्रीकांचा वीर अकिलीस मानी, तापट आणि एककल्ली, तर ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर घरंदाज आणि बायकामुलांचा माणूस, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. सहाव्या सर्गात शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा पाहून हेक्टरचा तान्हा मुलगा अ‍ॅस्टिअ‍ॅनॅक्स दाईच्या कुशीत तोंड लपवून रडू लागतो आणि हेक्टर हसत हसत ते शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, हा प्रसंग एकदा वाचला की ती वाटणी मनात पक्की बसते. मला तिच्याविषयी शंका आहे. ज्याला आपण कुटुंबनिष्ठेचा नमुना मानतो, त्या हेक्टरने कुटुंबातल्या कोणाचे कधी ऐकले?

सहाव्या सर्गात तो रणांगण सोडून नगरात येतो, तेही अथीना देवीला वस्त्र वाहण्याचा निरोप आईला देण्यापुरते. आई हेक्युबा त्याला मद्य देऊ करते, ते तो नाकारतो. भावजय हेलन घटकाभर बसायला सांगते, तो बसत नाही. पत्नी अँड्रोमकी वेशीपाशी त्याला गाठते आणि माहेर म्हणून आपल्याला काहीच उरले नसल्याचे सांगते. अकिलीसने थीबी नगर लुटले तेव्हा तिचे वडील मारले गेले, सातही भाऊ एकाच दिवशी गेले आणि खंडणी भरून सुटलेली आईही पुढे वारली. त्यामुळे बाप, आई, भाऊ आणि नवरा ही चारही नाती आता हेक्टरमध्येच आहेत, असे तिचे म्हणणे आहे. ती नुसती रडत नाही. रानअंजिराच्या झाडाजवळ तट चढायला सोपा आहे, शत्रूने तिथून तीनदा प्रयत्न केला आहे, तेव्हा सैन्य तिथे उभे करावे, असा व्यवहारी सल्लाही ती देते. (अलेक्झांड्रियाचा प्राचीन टीकाकार अ‍ॅरिस्टार्कस याने या ओळी प्रक्षिप्त ठरवल्या, कारण सेनापतीला युद्धनीती शिकवणे स्त्रीला शोभत नाही असे त्याला वाटले.)

हेक्टर तिचे म्हणणे खोडून काढत नाही. ट्रॉय पडणार हे आपल्याला ठाऊक आहे, आणि त्या वेळी आईवडील व भाऊ यांच्या दुःखापेक्षा परक्याच्या मागावर विणणारी आणि परक्याच्या घरी पाणी वाहणारी तू डोळ्यांसमोर आलीस की अधिक यातना होतात, अशी स्पष्ट कबुली तो देतो, आणि तरीही निघून जातो. बाविसाव्या सर्गात तर त्याचे वडील, ट्रॉयचा राजा प्रायम, आणि हेक्युबा दोघेही तटावरून गयावया करतात. बाप डोक्याचे केस उपटतो, आई ज्या स्तनांनी पाजले ते उघडे करून दाखवते, आणि हेक्टर वेशीबाहेर उभाच राहतो.

माझी मांडणी अशी आहे की हेक्टरची दोन घरे आहेत. एक बायको आणि मूल यांचे, आणि दुसरे प्रायमचे. त्या दुसऱ्या घराचे वर्णन होमर मुद्दाम थांबून करतो: घासून गुळगुळीत केलेल्या दगडांच्या, एकमेकींना लागून असलेल्या ५० खोल्या मुलांसाठी आणि सुनांसाठी, आणि चौकाच्या पलीकडे मुली व जावई यांच्यासाठी आणखी १२. या मोठ्या घराचे रक्षण करणे हे हेक्टरचे काम, आणि त्यासाठी लहान घराची विनवणी त्याने बाजूला सारली, इथपर्यंत मला पटते. परंतु बाविसाव्या सर्गात त्याच मोठ्या घराचा प्रमुख त्याला ‘आत ये’ म्हणतो, तेव्हा तो कोणत्या घरासाठी बाहेर राहतो? इथे माझी मांडणी अडते. जाणकारांनी लिहावे.

सांजवात

उत्तम विषय. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एका पुनरावृत्तीत सापडते असे मला वाटते. ट्रॉयच्या पुरुषांची आणि पायघोळ वस्त्रे नेसणाऱ्या स्त्रियांची आपल्याला लाज वाटते, ही ओळ हेक्टर अँड्रोमकीसमोर उच्चारतो आणि बाविसाव्या सर्गात वेशीबाहेर स्वतःशी बोलताना तीच ओळ पुन्हा उच्चारतो. शब्द तेच असले तरी लाजेचे कारण पालटलेले आहे. पहिल्या वेळी, भित्र्यासारखा मागे राहिलो तर लोक काय म्हणतील, ही शूर माणसाची नेहमीची लाज आहे. दुसऱ्या वेळी मामला निराळा आहे. अकिलीस पुन्हा रणात उतरणार हे दिसताच हेक्टरचा सोबती पॉलिडॅमस याने सैन्य रातोरात नगरात न्यावे असे सुचवले होते. हेक्टरने त्याला झिडकारले, आणि दुसऱ्या दिवशी कत्तल झाली. हा पॉलिडॅमस हेक्टरच्याच रात्री जन्मलेला. एक भाल्यात श्रेष्ठ, दुसरा विचारात. आता आत गेलो तर सर्वांत आधी पॉलिडॅमस दोष देईल, आणि आपल्याहून हलका माणूससुद्धा म्हणेल की स्वतःच्या बळावर विसंबून हेक्टरने आपले लोक गमावले, हे त्याला सहन होत नाही.

म्हणून तो बाहेर राहतो ते लहान किंवा मोठ्या घरासाठी नाही, हिशेब चुकल्याची लाज झाकण्यासाठी. आईवडिलांचा शब्द त्या क्षणी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्याच्या त्या दीर्घ स्वगतात प्रायम, हेक्युबा, अँड्रोमकी यांपैकी एकाचेही नाव येत नाही, हे जरूर पाहावे.

चौकोनी_चिमण्या

५० खोल्यांचे वर्णन वाचताना आपल्याला वाडा आठवणे स्वाभाविक आहे, पण एक बारकावा नोंदवतो. हेक्टर आणि त्याचा भाऊ पॅरिस (ज्याने हेलनला पळवून आणले) त्या खोल्यांत राहत नाहीत. दोघांची स्वतंत्र घरे आहेत, आणि पॅरिसचे घर तर त्याने ट्रॉयमधले उत्तम कारागीर बोलावून स्वतः उभे केलेले आहे. ज्याच्या पायी सगळी वाताहत झाली तो मजेत वेगळी चूल मांडून बसला आहे, आणि ज्याला ती निस्तरायची आहे तो त्याच्या शयनगृहात जाऊन त्याला लढायला उठवतो आहे.

निरंजन_रानडुक्कर

सांजवात यांचे विवेचन पटले, तरी हेक्टरच्या शेवटच्या लढाईत कुटुंब मुळीच नाही, असा निष्कर्ष निघत असेल तर मी सहमत नाही. मला तर उलट वाटते. त्या दिवशी हेक्टर दोनदा अकिलीससमोर येतो आणि दोन्ही वेळा भावापायी येतो.

विसाव्या सर्गात अपोलोने त्याला बजावले होते की अकिलीसपासून दूर राहा, गर्दीत राहून लढ. हेक्टर ते पाळतो. तेवढ्यात पॉलिडोरस मारला जातो. हा प्रायमचा सर्वांत धाकटा आणि सर्वांत लाडका मुलगा. बापाने त्याला लढाईत उतरायला मनाई केली होती, पण धावण्यात आपल्याला तोड नाही या पोरकट अभिमानापायी तो आघाडीच्या रांगांतून पळत सुटला, आणि अकिलीसने पाठीमागून भाला मारला. स्वतःची आतडी हातांनी सावरत तो कोसळतो, ते हेक्टर पाहतो. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि देवाची आज्ञा विसरून तो थेट अकिलीसवर चाल करतो. त्या वेळी अपोलो त्याला धुक्यात लपवून वाचवतो.

बाविसाव्या सर्गात हेक्टर आधी पळतो, हे आपण विसरतो. ट्रॉयच्या तटाभोवती तीन फेऱ्या होतात. तो थांबतो कशामुळे? शौर्याची आठवण झाली म्हणून थांबत नाही. अथीना त्याचा भाऊ डिफोबस याचे रूप घेऊन येते आणि सांगते की आईवडिलांनी माझे गुडघे धरून मला आत थांबायला विनवले, मित्रांनी विनवले, पण तुझ्यासाठी जीव तुटत होता म्हणून मी बाहेर आलो. हेक्टर म्हणतो की सगळ्या भावांत तू मला आधीपासूनच प्रिय होतास, आता तुझा मान माझ्या मनात आणखी वाढला, कारण बाकीचे आत बसले असताना तू एकटा आलास. इथे देवीने रचलेला सापळा पाहावा. हेक्टरला गाठण्यासाठी तिला धनाचे, कीर्तीचे, स्त्रीचे आमिष लागले नाही. पाठीशी भाऊ उभा आहे एवढे त्याला वाटले की पुरे. त्याचा भाला अकिलीसच्या ढालीवर आपटून परततो, दुसरा भाला मागण्यासाठी तो डिफोबसला मोठ्याने हाक मारतो, आणि जवळपास कोणीही नसते. आपले मरण आले आहे हे त्याला त्या क्षणी कळते.

धागाकर्त्यांनी विचारले की त्याने घरातल्या कोणाचे ऐकले. त्याने ऐकले ते एका भावाचे, आणि तोही भाऊ नव्हता.

मनमोर

निरंजन, शेवटचे वाक्य फार आवडले. धागा साठवून ठेवला आहे.

पेटीतले_पत्र

चर्चा हेक्टरभोवती फिरते आहे. मला अँड्रोमकीच्या विनवणीची तुलना महाकाव्यातल्याच दुसऱ्या एका विनवणीशी करायची आहे. नवव्या सर्गात रुसलेल्या अकिलीसची समजूत घालायला आलेला वृद्ध फिनिक्स त्याला मेलिएगरची गोष्ट सांगतो. मेलिएगरच्या हातून मामा मारला गेला म्हणून सख्ख्या आईने त्याला शाप दिला. त्या रागाने तो लढाई सोडून पत्नी क्लिओपात्राजवळ जाऊन पडला आणि कॅलिडॉन नगराला शत्रूने वेढले. मग नगरातले वडीलधारे पुजाऱ्यांकरवी जमीन देऊ करतात, म्हातारा बाप उंबरठ्याशी येऊन दार हलवतो, बहिणी येतात, शाप देणारी आईही येते, जिवाभावाचे सोबती येतात, आणि तो कोणालाच बधत नाही. सर्वांत शेवटी पत्नी बोलते, तेव्हा तो उठतो. योहानिस काक्रिदिस या ग्रीक अभ्यासकाने या क्रमाकडे लक्ष वेधले होते. विनवणाऱ्यांची ही चढती पायरी आहे. सर्वांत जवळचे माणूस शेवटी येते, आणि पत्नी आईवडिलांच्याही वर आहे. हेक्टरच्या ‘आईवडिलांपेक्षा, भावांपेक्षा तुझी चिंता’ या बोलण्यातही तीच उतरंड दिसते.

आता दोघींचे युक्तिवाद शेजारी ठेवून पाहावेत. क्लिओपात्रा नवऱ्याला सांगते ते असे: नगर पडले की पुरुषांची कत्तल होते, घरे आगीत जातात, बायकामुलांना परके लोक ओढून नेतात. ते ऐकून मेलिएगर चिलखत चढवतो. अँड्रोमकीच्या बोलण्यामागेही हेच चित्र आहे, नव्हे तिने ते माहेरी प्रत्यक्ष भोगले आहे, आणि त्याच चित्राच्या बळावर ती नवऱ्याला तटाच्या आत राहायला सांगते. म्हणजे पत्नीप्रेम पुरुषाला रणात ढकलते की रणातून मागे खेचते, याविषयी होमरच्या मनात काही ठरलेला नियम दिसत नाही. मेलिएगर पत्नीचे ऐकून नगर वाचवतो (आणि उशीर झाला म्हणून कबूल केलेली बक्षिसे गमावतो). हेक्टर पत्नीचे न ऐकता लढतो आणि नगर गमावतो. होमरने हे दोन्ही नवरे एकाच काव्यात ठेवले आहेत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

खडीसाखर_७

सर्व प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत. पण मूळ दोष प्रायमचा नाही का? पुत्रमोहाने आंधळा झालेला बाप आणि त्यापायी बुडालेले कुळ हे आपल्याला धृतराष्ट्रामुळे चांगले परिचित आहे. हेलनला परत पाठवले असते तर सगळेच टळले असते.

उत्तररात्र (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आधी खडीसाखर यांच्या मुद्द्याविषयी. साम्य आहे, पण ते फार ताणता येणार नाही. दुर्योधनाला राज्य हवे होते आणि धृतराष्ट्राची स्वतःची सुप्त इच्छाही तीच होती. पॅरिस राज्याचा वारस नाही, आणि प्रायमला हेलनपासून कोणताही लाभ नाही. सातव्या सर्गातली ट्रॉयची सभा वाचावी. ट्रॉयचा अँटिनॉर सरळ सांगतो की आपण शपथ मोडून लढत आहोत, हेलन आणि तिच्याबरोबर आलेले धन परत द्या. पॅरिस उठून म्हणतो की धन देतो, पदरचे आणखी घालतो, बाई देणार नाही. यावर प्रायम काय करतो? पॅरिसचा प्रस्ताव जसाच्या तसा शत्रूकडे पाठवतो आणि सैनिकांना जेवून घ्यायला सांगतो. मुलाला भर सभेत ‘नाही’ म्हणण्याची तयारी नसलेला हा बाप आहे. त्याला मी आंधळा म्हणणार नाही, भिडस्त म्हणेन. शिवाय सगळा दोष त्या घरावर टाकता येत नाही. अकराव्या सर्गात कळते की पॅरिसचे सोने घेऊन हेलनला परत देण्यास विरोध करणारा अँटिमाकस नावाचा सरदार होता, आणि वकील म्हणून आलेल्या हेलनच्या नवऱ्याला, मेनेलॉसला, तिथल्या तिथे मारून टाका असेही त्याने सुचवले होते. त्याची दोन मुले ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन याच्या हाती सापडतात, बाप मोठी खंडणी देईल म्हणून जीव मागतात, आणि नेमके बापाचे नाव ऐकल्यामुळेच मारली जातात.

निरंजन यांच्या डिफोबसविषयीच्या विवेचनामुळे माझी अडचण बरीचशी सुटली. स्वगतात घरच्यांचे नाव नाही हे सांजवात यांचे निरीक्षण आणि भावाच्या रूपाने फसवणूक, ही दोन्ही एकत्र घेतली तर चित्र असे दिसते: लाज त्याला बाहेर ठेवते, भीती पळवते, आणि थांबवते ती भावावरची श्रद्धा.

सांजवात

सहमत. मात्र अकिलीसला ‘एककल्ली’ म्हणून बाजूला ठेवणे मला अन्यायाचे वाटते. कुटुंबाविषयीची सर्वांत कठोर कबुली हेक्टरने दिलेली नाही, ती अकिलीसने दिली आहे.

या काव्यात आईवडिलांनी केलेल्या संगोपनाची परतफेड ही मुलावरची पहिली जबाबदारी मानली जाते, आणि रणात पडणारे तरुण ती अर्धवट टाकून जातात, हे होमर पुन्हा पुन्हा नोंदवतो. चौथ्या सर्गात सिमोइसियस नावाचा एक पोरगेला ट्रोजन येतो. त्याची आई आपल्या आईवडिलांबरोबर कळप पाहायला गेली होती आणि इडा पर्वतावरून परतताना सिमोइस नदीच्या काठी त्याला जन्म दिला, म्हणून हे नाव. एवढे सांगून होईपर्यंत ग्रीक वीर एजॅक्सचा भाला त्याच्या छातीत घुसतो, आणि कवी म्हणतो की त्याला आईवडिलांचे पांग फेडता आले नाहीत. या मुलाचे काव्यात दुसरे काहीही काम नाही.

चोविसाव्या सर्गात प्रायम हेक्टरचे शव मागायला रात्री अकिलीसच्या तंबूत येतो, ज्या हातांनी आपली मुले मारली त्या हातांचे चुंबन घेतो आणि म्हणतो, तुझा बाप आठव, तोही माझ्याच वयाचा आहे. दोघेही रडतात, प्रायम हेक्टरसाठी, अकिलीस कधी बापासाठी तर कधी मारला गेलेला मित्र पॅट्रोक्लस याच्यासाठी. त्यानंतर अकिलीस जे बोलतो ते मला महत्त्वाचे वाटते. पेलियसला मी एकच मुलगा, तोही अल्पायुषी. तो म्हातारा होत असताना मी त्याची काळजी घेत नाही, तर घरापासून दूर ट्रॉयमध्ये बसून तुला आणि तुझ्या मुलांना दुःख देतो आहे. आपण स्वतःच्या बापाला एकटे सोडले आणि ते करून दुसऱ्याच्या बापाचे घर उजाड केले, ही दोन्ही अपराधांची जोडणी त्याने स्वतः केली आहे. हेक्टरने असे काही कधी म्हटले का?

चौकोनी_चिमण्या

प्रायमला फार हळवे करू नये, एवढीच विनंती. त्याच चोविसाव्या सर्गात निघण्यापूर्वी तो उरलेल्या नऊ मुलांना गाडी जुंपायला लावतो आणि खोटारडे, नाचण्यात तेवढे पटाईत, आपल्याच लोकांची कोकरे-करडे पळवणारे अशा शिव्या घालतो. हेक्टरऐवजी तुम्ही सगळे मेला असतात तर बरे झाले असते, असेही म्हणतो. त्या नऊ जणांत पॅरिस आहे आणि डिफोबसही आहे, म्हणजे ज्याचे रूप घेऊन हेक्टरला फसवले तो खरा भाऊ बापाच्या शिव्या खात मुकाट्याने खेचरे जुंपतो आहे. ५० मुलांचा बाप (त्यांपैकी १९ एकट्या हेक्युबाची) एका मुलावर एवढा जीव लावतो की बाकीचे जिवंत असल्याचे त्याला काहीच सुख नाही.

पेटीतले_पत्र

आणि हेलनचा विलाप? हेक्टरच्या शवापाशी तिघी विलाप करतात: आधी पत्नी, मग आई, आणि सर्वांत शेवटी हेलन. दीर, नणंदा, जावा आणि सासू घालूनपाडून बोलत, पण सासरा बापासारखा वागला आणि हेक्टरने कधी वाईट शब्द काढला नाही, उलट इतरांना समजावून गप्प केले, असे ती सांगते. अँड्रोमकीचे न ऐकणारा हा माणूस घरातल्या सर्वांत नकोशा बाईच्या बाजूने उभा राहत होता, हे आपल्याला फक्त तिच्याकडून कळते. ‘घरच्यांचे न ऐकणारा’ या शीर्षकाला हा सर्वांत मोठा अपवाद आहे असे माझे मत आहे, कारण ऐकणे आणि सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खडीसाखर_७

मग कुटुंबनिष्ठेचे सरळ उदाहरण हवे असेल तर होमरच्याच ‘ओडिसी’कडे जावे लागेल, असे दिसते. युद्धानंतर घरी परतणाऱ्या ओडिसियसला कॅलिप्सो ही अप्सरा अमरत्व देऊ करते आणि तो म्हाताऱ्या होणाऱ्या बायकोकडे परततो. त्याची बायको पेनेलोपी सासऱ्यासाठी विणलेले कफन रोज रात्री उसवते. मुलगा टेलेमाकस बापाच्या शोधात निघतो. शेवटी बाप लेअर्टीस पुरावा मागतो, तेव्हा ओडिसियस लहानपणी त्याच्या मागे हिंडताना वडिलांनी दिलेली झाडे मोजून दाखवतो: नासपतीची १३, सफरचंदाची १०, अंजिराची ४० आणि द्राक्षवेलींच्या ५० रांगा. इथे कुठे निष्ठांची ओढाताण आहे?

निरंजन_रानडुक्कर

त्याच सर्गात आहे. ओडिसियसने मारलेल्या, पेनेलोपीला मागणी घालणाऱ्या पुरुषांनाही बाप होते. त्यांतला युपेथीस हा अँटिनोअस या मागणीदाराचा बाप. मुलांच्या आणि भावांच्या खुनाचा सूड घेतला नाही तर पुढच्या पिढ्यांसमोर आपली नाचक्की होईल, असे तो सभेत रडत रडत सांगतो आणि अर्ध्याहून अधिक लोक शस्त्रे घेऊन निघतात. त्याच्या बोलण्यात चूक काय आहे? टेलेमाकसला वारंवार ज्या ओरेस्टीसचा कित्ता गिरवायला सांगितले जाते, त्याने बापाच्या खुन्याला मारले म्हणून. युपेथीसही मुलासाठी तेच करू पाहतो आहे. त्याला भाला मारतो तो झाडांची मोजदाद नुकतीच ऐकलेला लेअर्टीस, मुलगा आणि नातू शौर्यात चढाओढ करत आहेत या आनंदात. मग अथीना मध्ये पडून भांडण थांबवते, कारण तिने थांबवले नाही तर ते थांबण्याचे काही कारण त्या माणसांपाशी नाही.

उत्तररात्र (धागाकर्ता)

युपेथीसवर स्वतंत्र धागा व्हायला हवा. निरंजन, तो आपणच काढावा. पेटीतले पत्र यांची हरकत मान्य आहे, शीर्षक मात्र तसेच राहू देतो, कारण हेलनला सांभाळण्यासाठी हेक्टरला घरातल्या बऱ्याच जणांच्या विरोधात जावे लागले, म्हणजे तिथेही त्याने घरच्यांचे ऐकले नाहीच.